रक्त तपासले, नाक राहिले

२ मे २०२५ रोजी केदारनाथ मंदिराचे दरवाजे उघडले आणि दोनच दिवसांनी यात्रेच्या वाटेवर घोडे-खेचरे मरू लागली. ४ आणि ५ मे या दोन दिवसांत डझनाहून अधिक जनावरे दगावल्याचे उत्तराखंडच्या पशुसंवर्धन विभागाने सांगितले. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंतची सुमारे १६ किलोमीटरची चढण हजारो यात्रेकरू ज्यांच्या पाठीवर बसून पार करतात, ज्यांच्या पाठीवरून धान्य, गॅसची टाकी आणि बांधकामाचे सामान वर जाते, त्या जनावरांची ये-जा चोवीस तास बंद ठेवावी लागली. बहुतेकांनी ही बातमी यात्रेकरूंच्या गैरसोयीची म्हणून वाचली आणि सोडून दिली. पण तिच्यात एक कोडे होते.

हा आजार अचानक कोसळला नव्हता. मार्चच्या अखेरीस रुद्रप्रयाग जिल्ह्यातल्या काही गावांत घोड्यांना ताप आणि खोकला दिसला. नमुने हरियाणातल्या हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेले आणि घोड्यांचा फ्लू, म्हणजे अश्व इन्फ्लुएन्झा असल्याचे निष्पन्न झाले. यात्रा महिन्यावर आली होती. पशुसंवर्धन विभागाने एप्रिलभर मोहीम चालवली आणि सुमारे १६ हजार घोडे-खेचरांची तपासणी केली. डोंगराळ मुलखात, गावोगाव विखुरलेल्या जनावरांची इतकी मोठी तपासणी ही सोपी गोष्ट नव्हे. रक्ताच्या तपासणीत १५२ जनावरे पॉझिटिव्ह आली. त्यांची पुन्हा आरटीपीसीआर चाचणी झाली आणि ती निगेटिव्ह आली. कागदोपत्री वाट मोकळी झाली.

आणि तरीही यात्रेच्या पहिल्याच आठवड्यात जनावरे मेली. हे मृत्यू जिवाणूंच्या संसर्गामुळेही झालेले असू शकतात, असे अधिकाऱ्यांनी तेव्हाच सांगितले आणि तज्ज्ञांचे पथक बोलावले. तसे असेलही. पण एप्रिलमधल्या त्या तपासणीने नेमके काय सांगितले होते आणि काय सांगणे तिच्या आवाक्यातच नव्हते, हा प्रश्न त्याने मिटत नाही. करोनाच्या काळात ‘आरटीपीसीआर’, ‘अँटिबॉडी’ हे शब्द आपल्या घरात शिरले, पण त्यांतला फरक मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहिला. खेचरांच्या बाबतीत तोच फरक जिवावर बेतू शकतो.

घोड्यांचा फ्लू हा माणसाच्या फ्लूचा भाऊबंद. त्याचा सध्या जगभर फिरणारा प्रकार एच३एन८ या नावाने ओळखला जातो. १९६३ मध्ये तो अमेरिकेतल्या मायामीत प्रथम सापडला. त्याआधी १९५६ मध्ये प्रागमध्ये सापडलेला एच७एन७ हा प्रकार गेल्या चार दशकांत कुठे वेगळा करता आलेला नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण एक ते तीन दिवसांत जनावराला जोराचा ताप येतो, नाक वाहू लागते आणि कोरडा, खरखरीत खोकला सुरू होतो. खोकल्याबरोबर उडणारे तुषार दूरवर जातात. एका रांगेत बांधलेली जनावरे, एकाच हौदावर पाणी पिणारी जनावरे, एकाच माणसाने एकाच फडक्याने पुसलेली जनावरे असली, की दोन-चार दिवसांत अख्खी पागा खोकू लागते. माणसाला हा विषाणू त्रास देत असल्याचे दिसलेले नाही. कुत्र्यांना मात्र दिला आहे. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत तो घोड्यांकडून गेला आणि तिथे रुजला.

या आजाराची ताकद किती, हे १८७२ मध्ये अमेरिकेने पाहिले. त्या शरद ऋतूत टोरंटोच्या परिसरात सुरू झालेली घोड्यांची साथ काही महिन्यांत खंडभर पसरली. घोडागाड्या, ट्राम, मालवाहतूक ठप्प झाली. नोव्हेंबरमध्ये बोस्टन शहराला भीषण आग लागली तेव्हा बंब ओढायला धडधाकट घोडे नव्हते, माणसांनी ते हातांनी ओढत नेले. त्यातले बहुतेक घोडे पुढे बरे झाले. फ्लूने घोडा सहसा मरत नाही, तो कामातून जातो. मरतो तो बहुधा नंतर, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

आता तपासणीकडे वळू. विषाणू नाकात किती दिवस असतो, यावर सगळे गणित अवलंबून आहे. संसर्ग झाल्यावर एक-दोन दिवसांत तो नाकातून बाहेर पडू लागतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत संपतो. त्यातही सर्वांत जास्त विषाणू सापडतो तो ताप चढल्यानंतरच्या पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत. आरटीपीसीआर चाचणी नाकातल्या स्रावात विषाणूच्या जनुकाचे तुकडे शोधते. त्या दोन दिवसांत नमुना घेतला तर ती क्वचितच चुकते. दहा दिवसांनी घेतला, तर जनावर आजारी पडून गेले असले तरी ती ‘निगेटिव्ह’ म्हणणार, आणि ते खरेच असणार.

रक्ताची तपासणी वेगळ्याच गोष्टीचा माग काढते. ती विषाणू शोधत नाही, तर विषाणूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो आणि मग ती कित्येक महिने टिकतात. म्हणजे रक्त पॉझिटिव्ह आलेल्या जनावराला संसर्ग कधीतरी होऊन गेला, किंवा त्याला लस दिली होती, एवढेच एका नमुन्यावरून म्हणता येते. संसर्ग ताजा आहे का, हे ठरवायचे तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना घ्यावा लागतो. प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट किंवा त्याहून जास्त वाढलेले दिसले, तर संसर्ग नुकताच झाला असे समजतात. पण तोवर साथ पुढच्या जिल्ह्यात पोचलेली असते.

यावरून एप्रिलच्या मोहिमेचा क्रम पाहा. जाहीर झालेल्या माहितीवरून असे दिसते, की आधी रक्त तपासले गेले आणि ज्यांचे रक्त पॉझिटिव्ह आले त्यांचीच आरटीपीसीआर झाली. ज्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत, त्याच्या नाकातला विषाणू बहुधा संपत आलेला असतो. त्यामुळे १५२ पैकी सगळी आरटीपीसीआरमध्ये निगेटिव्ह आली, यात आश्चर्य काहीच नाही. उलट ज्या खेचराला परवाच लागण झाली, ज्याच्या नाकात आज विषाणू खदखदतो आहे, त्याच्या रक्तात अजून प्रतिपिंडे नाहीत. ते पहिल्याच चाळणीतून ‘निरोगी’ म्हणून सुटते आणि त्याचे नाक कुणी तपासतच नाही. फैलाव करणारे जनावर पकडायचे असेल, तर ही चाळणी उलटी लावली गेली असे म्हणावे लागते.

अर्थात रक्तापासून सुरुवात करण्यामागे कारणेही आहेत. एका सुईत घेतलेल्या रक्तावर फ्लू आणि ग्लँडर्स अशा दोन्हींची तपासणी होते. ग्लँडर्स हा जिवाणूंचा आजार. त्यातही नाक वाहते, तो माणसालाही होतो आणि तो सापडला की जनावर मारावे लागते. त्यामुळे कोणत्याही राज्याला यात्रेआधी ग्लँडर्सची खात्री करून घ्यावीच लागते. शिवाय रक्ताचा नमुना टिकाऊ असतो, चाचणी स्वस्त पडते आणि विषाणू कोणत्या भागात फिरून गेला याचा नकाशा त्यातून मिळतो. नकाशा म्हणून एप्रिलची मोहीम मोलाचीच होती. तिच्याकडे परवाना म्हणून पाहिले गेले, ही अडचण.

आणखी एक साधी गोष्ट आहे. लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंत एक ते तीन दिवस जातात. १० एप्रिलला तपासलेले खेचर २८ एप्रिलला दुसऱ्या राज्यातून आलेल्या जनावराशेजारी बांधले गेले, तर १० तारखेच्या अहवालाला काय अर्थ उरतो? केदारनाथच्या वाटेवर उत्तराखंडातली जनावरे असतात, तशी उत्तर प्रदेशातून येणारीही असतात. राज्याच्या सीमेवर तपासणी आणि विलगीकरणाची व्यवस्था केली गेली ती यासाठीच. पण एका मुक्कामावर शेकडो जनावरे उभी असताना एकदाच केलेली तपासणी म्हणजे एका क्षणाचा फोटो.

नाकाचा नमुना घेणे हेही वाटते तितके सोपे नाही. घोड्याचे नाक लांब असते आणि विषाणू मिळतो तो पार मागे, घशाच्या वरच्या पोकळीत. माणसासाठी वापरतात ती काडी तिथवर पोचतच नाही. त्यासाठी वीतभर किंवा त्याहून लांब काडी लागते, तिच्या टोकाला सुती नव्हे तर पॉलिस्टरचा बोळा लागतो आणि ती नाकाच्या खालच्या पोकळीतून हलकेच आत सरकवावी लागते. जनावर मान उडवते, मागे सरते, लाथ मारते. धरायला एक अनुभवी माणूस हवाच. नमुना मिळाला की तो विशिष्ट द्रावणात टाकून बर्फात ठेवायचा आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायचा. गौरीकुंडाहून हिसार रस्त्याने चारशे किलोमीटरहून दूर आहे, त्यातला बराच रस्ता दरडींचा. वाटेत बर्फ वितळला तर विषाणूचे जनुकीय द्रव्य विरघळत जाते आणि निगेटिव्ह अहवाल येतो. अशा निगेटिव्हचा अर्थ ‘विषाणू नव्हता’ असा नसून ‘विषाणू पोचला नाही’ असा असतो, आणि दोन्ही अहवाल कागदावर अगदी सारखे दिसतात.

श्रीमंत देशांनाही या आजाराने हे धडे दिले आहेत, तेही महागात. ऑस्ट्रेलियात २००७ पर्यंत घोड्यांचा फ्लू कधी आलाच नव्हता. त्या ऑगस्टमध्ये जपानहून आलेल्या घोड्यांबरोबर तो सिडनीजवळच्या ईस्टर्न क्रीक विलगीकरण केंद्रात शिरला. घोड्यांना लस दिलेली होती, म्हणून लक्षणे ठळक नव्हती. लस घेतलेला घोडा स्वतः फारसा आजारी पडत नाही, पण थोडे दिवस का होईना, विषाणू सोडत राहतो. केंद्रातून तो बाहेर पडला तो बहुधा माणसांच्या हातांवरून, कपड्यांवरून किंवा उपकरणांवरून, असे नंतरच्या चौकशी आयोगाने म्हटले. एका घोडेस्वारीच्या स्पर्धेतून परतलेल्या घोड्यांनी तो गावोगाव नेला. काही महिन्यांत सुमारे दहा हजार ठिकाणी आणि सत्तर हजारांहून अधिक घोड्यांत तो पसरला. सिडनीच्या वसंतातल्या शर्यती रद्द झाल्या.

पण पुढे त्या देशाने जे केले ते पाहण्यासारखे आहे. घोड्यांची हालचाल थांबवली, प्रयोगशाळांत आरटीपीसीआरचा धडाका लावला आणि साथीभोवती लसीकरणाचे कडे उभारले. लस निवडली तीही विचारपूर्वक. त्या लसीत फ्लूच्या विषाणूचे फक्त बाहेरचे प्रथिन होते. त्यामुळे लस घेतलेल्या घोड्याच्या रक्तात फक्त त्या बाह्य प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मिळत, तर खरा संसर्ग झालेल्या घोड्यात आतल्या प्रथिनाविरुद्धचीही मिळत. एका रक्तचाचणीने ‘लस की लागण’ हा प्रश्न सुटला. वर्ष संपायच्या आत साथ आटोक्यात आली आणि २००८ मध्ये देश पुन्हा फ्लूमुक्त जाहीर झाला.

ब्रिटनचा किस्सा आणखी बोलका आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेशायरमधल्या एका तबेल्यात तीन घोडे फ्लूने आजारी असल्याचे आढळले. तिघांनाही लस दिलेली होती. दुसऱ्याच दिवसापासून देशभरातल्या घोड्यांच्या शर्यती सहा दिवस बंद ठेवण्यात आल्या. शेकडो तबेल्यांतून नाकाचे हजारो नमुने गोळा झाले, चाचण्या रात्रंदिवस चालल्या आणि फैलाव कुठवर गेला याचा अंदाज आल्यावरच शर्यती पुन्हा सुरू झाल्या. त्याच सुमारास, २०१९ मध्येच, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये याच एच३एन८ विषाणूच्या साथीत हजारो गाढवे मेली. ती पाणी आणि सरपण वाहणारी गाढवे होती. जगाच्या वर्तमानपत्रांत तीन इंग्रज घोड्यांना जेवढी जागा मिळाली, त्याच्या पासंगालाही ही बातमी पुरली नाही.

गाढवे आणि खेचरे का मरतात आणि शर्यतीचा घोडा का वाचतो? एक तर गाढवांत हा आजार मुळातच तीव्र होतो. पण खरे कारण पुढचे आहे. फ्लूचा विषाणू श्वसनमार्गाचे आतले अस्तर खरवडून काढतो. धूळ, जंतू बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस नष्ट होतात. ते पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात जनावराला काम लावले तर जिवाणू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. म्हणून पशुवैद्यकात एक ढोबळ नियम सांगतात: जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती. तीन दिवस ताप आला तर तीन आठवडे ओझे नाही, चढण नाही. केदारनाथचे मंदिर साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. हवा विरळ, थंडी कडाक्याची आणि पाठीवर माणूस. मे महिन्यात मेलेल्या जनावरांच्या फुप्फुसात जिवाणू सापडले, तरी त्यामागे आधी येऊन गेलेला फ्लू नव्हताच असे त्यावरून सिद्ध होत नाही. जिवाणू आणि विषाणू हे इथे एकमेकांना पर्याय नाहीत, अनेकदा एक दुसऱ्याला दार उघडून देतो.

आणि इथेच तपासणीचा प्रश्न प्रयोगशाळेतून बाहेर पडून पोटापाण्यापाशी येतो. यात्रा सहा महिन्यांची. अनेक घोडेवाल्यांचे वर्षाचे उत्पन्न त्यातच. खेचर खोकते आहे हे सांगितले की तीन आठवडे बसून राहायचे, त्याला चारायचे आणि त्याच्या खरेदीचे हप्तेही भरायचे. बंद काळातल्या मजुरीची भरपाई मिळणार नसेल, तर लक्षणे लपवण्याचा मोह कुणालाही होईल. जो रोग मालकाने स्वतः येऊन सांगण्यावर पकडला जातो, तो पकडायचा तर मालकाचे नुकसान होणार नाही हे आधी पाहावे लागते. लांब काड्या आणि बर्फाचे डबे त्यानंतर.

भारताला याचा अनुभव नाही असेही नाही. १९८७ मध्ये देशात एच३एन८ची मोठी साथ येऊन गेली होती. मग एकवीस वर्षे शांतता. जून २००८ मध्ये तो पुन्हा उगवला तो जम्मूतल्या कटरा येथे, म्हणजे वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, यात्रेकरूंना वाहून नेणाऱ्या घोडे-खेचरांत. तिथून २००९ पर्यंत तो अनेक राज्यांत पोचला, मैसूरच्या घोड्यांतही सापडला. हिसारच्या शास्त्रज्ञांनी कटऱ्याचा विषाणू कोंबडीच्या उबवणीच्या अंड्यांत वाढवून वेगळा केला. त्याच्या जनुकांवरून तो १९८७च्या विषाणूपेक्षा बराच बदललेला असल्याचे कळले आणि लसीतला जुना विषाणू बदलून नवा घ्यावा लागला. आरटीपीसीआर आली म्हणून अंड्यात विषाणू वाढवण्याचे जुने, वेळखाऊ काम टाकून देता येत नाही, ते या कारणाने. यंत्र ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. कोणता, कुठून आला आणि लस त्याला पुरेल का, हे जिवंत विषाणू हाती आल्याशिवाय पूर्णपणे कळत नाही.

यंत्राची आणखी एक मर्यादा ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या विषाणूने दाखवली. सप्टेंबर १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरातल्या एका तबेल्यात घोडे धापा टाकत, तोंडा-नाकातून फेस येऊन मरू लागले. डझनाहून अधिक घोडे गेले, आणि त्यांची शुश्रूषा करणारे प्रशिक्षक विक रेल यांचाही मृत्यू झाला. फळे खाणाऱ्या वटवाघळांकडून आलेला हा विषाणू पुढे हेंड्रा नावाने ओळखला जाऊ लागला. केरळने २०१८ पासून पुन्हा पुन्हा पाहिलेला निपाह हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. आजवर सात माणसांना हेंड्राची लागण झाली, सगळी घोड्यांमार्फत, आणि त्यातली चार दगावली. त्यामुळे तिथे संशयित घोडा मेला की हेंड्राची पीसीआर चाचणी होतेच. २०१५ मध्ये क्वीन्सलंडमधला एक घोडा हुबेहूब हेंड्राची लक्षणे दाखवून मेला आणि चाचणी निगेटिव्ह आली. नमुने जपून ठेवलेले होते म्हणून काही वर्षांनी संशोधकांनी ते नव्या पद्धतीने तपासले. तेव्हा कळले, की तो हेंड्राच होता, पण थोडा वेगळ्या जनुकीय बांधणीचा. चाचणी ज्या जनुकीय खुणेवर बेतलेली होती ती खूण त्याच्यात जुळत नव्हती. नवी चाचणी तयार झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू साउथ वेल्समधला एक मेलेला घोडा तिच्यात पॉझिटिव्ह आला. जुन्या चाचणीने तोही सुटला असता. फ्लूच्या चाचण्या या बाबतीत थोड्या सुरक्षित आहेत, कारण त्या सहसा विषाणूच्या ज्या जनुकावर बेतलेल्या असतात ते फारसे बदलत नाही.

उलटा सापळाही असतो. घोड्यांतला हर्पिस विषाणू, विशेषतः त्याचा पहिला प्रकार, एकदा शरीरात शिरला की आयुष्यभर दडून राहतो आणि प्रवासाच्या किंवा आजाराच्या ताणाखाली पुन्हा जागा होतो. २०२१ च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया येथील घोडेस्वारीच्या स्पर्धेत त्याची साथ उसळली, घोड्यांचे मागचे पाय लुळे पडले, युरोपात किमान १८ घोडे मेले आणि अनेक देशांतल्या स्पर्धा आठवडेच्या आठवडे रद्द झाल्या. हा विषाणू एखाद्या धडधाकट घोड्याच्या नाकातही सापडू शकतो. म्हणून खोकणाऱ्या घोड्यात हर्पिस सापडला, एवढ्यावर खोकल्याचे कारण मिळाले असे म्हणता येत नाही. त्याच्यासाठी नाकाबरोबर रक्तातला विषाणूही शोधावा लागतो, फ्लूसाठी लागत नाही. अहवाल वाचणारा पशुवैद्य जनावर पाहिलेला असला पाहिजे, एवढा तरी निष्कर्ष यातून निघतोच.

जुलै २०२५ मध्ये, केदारनाथच्या घटनेनंतर दोन महिन्यांनी, एक चांगली बातमी आली. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राला जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने भारतातील पहिला ‘अश्वरोगमुक्त विभाग’ म्हणून मान्यता दिली. फ्लू, ग्लँडर्स, सरा अशा आजारांपासून तो मुक्त आहे. कुंपण, कीटकांचा बंदोबस्त, सततची देखरेख आणि ठरलेल्या वेळी चाचण्या हे सगळे तिथे आहे. त्यामुळे भारतीय घोड्यांना परदेशी स्पर्धांना जाण्याचा मार्ग मोकळा होईल. या कामाचे कौतुक व्हायलाच हवे. पण २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ३ लाख ४० हजार घोडे व तट्टे आणि ८४ हजार खेचरे आहेत, गाढवे वेगळी. त्यातली बहुसंख्य वीटभट्ट्यांवर, डोंगरवाटांवर, टांग्यांना आणि वरातींत आहेत. त्यांच्यासाठी कुंपण शक्य नाही. ती फिरतात म्हणूनच त्यांचे मालक जेवतात.

महाराष्ट्रातही हेच चित्र आहे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये सुमारे साडेचारशे परवानाधारक घोडे पर्यटकांना वाहतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशातून घोडे विक्रीला येतात, आठ-दहा दिवस शेजारी-शेजारी बांधले जातात आणि नव्या मालकांबरोबर राज्यभर पांगतात. फ्लूला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तिथे येणाऱ्या प्रत्येक घोड्याची आरटीपीसीआर करणे कुणालाच परवडणार नाही, आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे तिचा तितकासा उपयोगही नाही.

परवडण्यासारखा उपाय मात्र आहे, आणि तो थर्मामीटरपासून सुरू होतो. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. फ्लूमध्ये खोकला सुरू होण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास ताप चढतो, आणि नेमक्या त्याच वेळी नाकात विषाणू सर्वांत जास्त असतो. सोनप्रयागला, गौरीकुंडला किंवा सारंगखेड्याच्या बाजारात सकाळ-संध्याकाळ तापमान पाहणारे प्रशिक्षित तरुण असतील आणि ताप दिसलेल्या जनावराचेच नाक तपासले जाणार असेल, तर १६ हजारांऐवजी काही डझन चाचण्या कराव्या लागतील आणि त्या योग्य दिवशी होतील. त्यासाठी नमुना दरवेळी हिसारला नेण्याचीही गरज नाही. जपानच्या शर्यत संघटनेच्या शास्त्रज्ञांनी घोड्यांच्या फ्लूसाठी ‘लॅम्प’ पद्धतीची चाचणी तयार करून दाखवली आहे. तिला आरटीपीसीआरसारखे तापमान वर-खाली करणारे महागडे यंत्र लागत नाही. साठ-पासष्ट अंशांवर स्थिर राहणारे साधे उपकरण आणि साधारण तासाभराचा वेळ पुरतो. संशयित नमुने पुढे हिसारला पाठवता येतातच, विषाणू वेगळा करण्यासाठी आणि लसीशी ताडून पाहण्यासाठी. तापलेल्या जनावराला बाजूला बांधायला एक छप्पर, वेगळी बादली आणि त्याच्या मालकाला बंद दिवसांची मजुरी, एवढ्याची तरतूद यात्रेच्या नोंदणी शुल्कातून किंवा बाजाराच्या करातून करायची का, हे अर्थातच पशुवैद्यांनी ठरवायचे नाही. ते जिल्हा प्रशासनाला आणि बाजार भरवणाऱ्या समित्यांना ठरवावे लागेल, तेही पहिले जनावर खोकायच्या आत.